पेन्सिलीचं टिकलं, भाऊ

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

चारचौघांनी वाचावं असं पत्र तुम्हाला लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. आभाराचा शब्द निघाला की तुम्ही कप खाली ठेवता आणि चपला शोधायला लागता. म्हणून समोरासमोर बोलायचं सोडून लिहायला बसले आहे. तुमचं नाव घालत नाही. चिपळूणजवळच्या अलोऱ्याच्या वसाहतीत राहिलेल्यांना आणि तिथल्या ड्रॉइंग सेक्शनची पायरी चढलेल्यांना तुम्ही कोण ते कळेल. बाकीच्यांना ‘कोयना प्रकल्पातले एक निवृत्त अनुरेखक’, म्हणजे मूळ नकाशावरून पक्की प्रत उतरवणारे, एवढी ओळख पुरे आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर पसरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरची ह्यांची लोखंडी ट्रंक बुडाली. तिच्यातल्या वह्या तुम्ही वाचवल्यात. पुढे हे गेल्यावर त्याच वह्या तुम्ही मला वाचून दाखवल्यात, पान न पान, समजावून. पहिल्या कामाबद्दल हे तुमचे आभार मानून गेले. दुसऱ्याबद्दल मी मानते आहे.

ते पुराचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी ओसरलं तसा गाळ राहिला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रीज, धान्याची पोती, मुलांची दप्तरं यांचे ढीग लागले होते. सगळे सगळं बाहेर काढत होते, आणि एकदा हात त्याला लागला की काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा विचार होत नाही. ट्रंक उघडली तर आत चिखलाच्या विटा. हे दारातल्या खुर्चीवर बसून होते. ‘जाऊ दे,’ एवढंच म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा तो आवाज मला सहन झाला नाही.

तुम्ही शिरगावच्या बाजूनं जमेल तसे, काही वाट पायी चालत आलात. आधी ह्यांच्या पाया पडलात आणि मग ट्रंकेपाशी उकिडवे बसून म्हणालात, ‘साहेब, फेकू नका. लेव्हल बुकं पेन्सिलीनं लिहिलेली असतात.’

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. लेव्हल बुक म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाच्या मोजणीची वही. तुम्ही एकेक वही मिटलेलीच धरून स्वच्छ पाण्यात हळू हलवत होतात, गाळ निघेपर्यंत. मग पानांत वर्तमानपत्राचे कागद, ते ओले झाले की बदलायचे. गच्चीवर नाही, उन्हात नाही. जिन्याखालच्या सावलीत नायलॉनच्या दोरीवर, वाऱ्याला. कुठून शिकलात म्हटलं, तर म्हणालात, ट्रेसिंग क्लॉथवर उभं आयुष्य गेलं. त्या कापडाला खळ असते, पाण्यानं ती विरघळते. नकाशावर घामाचा थेंब पडला तरी डाग राहतो, म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून काम करायचात. पाण्याशी कसं वागायचं ते त्या भीतीनं शिकवलं.

ह्यांच्या शाईच्या रोजनिश्या गेल्या. पानांवर नुसते निळे ढग उरले. पण क्षेत्रावरचं काम पेन्सिलीनं लिहायचं हा जुना दंडक होता, त्यामुळे ग्रॅफाइट कागदाला धरून राहिलं. पुरातून वर आले ते आकडे. वाक्यं बुडाली.

इतरांच्या माहितीसाठी सांगते. झालेल्या कामाची मापं लिहायचं मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी, ही सरकारी मालमत्ता. ती कधीच आमच्या घरी आली नाही, येऊही दिली नसती. घरी होत्या त्या ह्यांच्या स्वतःच्या कच्च्या वह्या, आणि कचेरी हलताना रद्दीत निघालेली काही लेव्हल बुकं, जी ह्यांनी रीतसर विचारून आणली होती. निवृत्तीनंतर ती ट्रंक उघडून हे तासन्‌तास बसायचे. मी विचारलं तर ‘काही नाही, बघतोय,’ म्हणायचे. आमच्या पिढीत नवऱ्याच्या कामाबद्दल बायकोनं याहून जास्त विचारायची रीत नव्हती, आणि ह्यांना सांगायची सवय नव्हती. मी शाळेत शिकवत होते, हे साइटवर. मुलांच्या परीक्षा, गणपती, बदलीची धास्ती यांतून संसार झाला, चांगला झाला. पण सकाळी सातला जीपमध्ये बसून गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो, हे मला हे गेल्यावर कळलं. तुमच्यामुळे कळलं, भाऊ.

दिवसकार्य झाल्यावर तुम्ही रविवारी यायला लागलात. पहिल्या दिवशी चष्मा पुसून एक वही उघडलीत आणि मला रकाने दाखवलेत: बॅकसाइट म्हणजे मागच्या खुणेवरचं पहिलं वाचन, मधल्या दृष्टी, फोरसाइट म्हणजे पुढचं शेवटचं वाचन, चढ, उतार, आर.एल. म्हणजे त्या जागेची उंची, आणि शेवटी शेरा. ‘वहिनी, तळाला बघा,’ म्हणालात. प्रत्येक पानाच्या तळाशी तीन वजाबाक्या होत्या. बॅकसाइटच्या बेरजेतून फोरसाइटची बेरीज वजा. चढांच्या बेरजेतून उतारांची. शेवटच्या आर.एल.मधून पहिला. तिन्हींचं उत्तर एकच यायला हवं. आलं तर पान बरोबर, नाही तर कुठेतरी चूक. ‘हे दिवसाच्या शेवटी कुणी बघत नसतं,’ तुम्ही सांगितलंत. ‘पुष्कळ जण कचेरीत बसून जुळवतात. साहेब तिथंच, उभ्यानं, प्रत्येक पानाला करायचे.’ मी पानं उलटत गेले. खरोखर प्रत्येक पानाला होत्या. जिथे आकडा चुकला तिथे खोडरबर नाही, एकच आडवी रेघ, वर नवा आकडा आणि बाजूला आद्याक्षरं. रेघेखालचा चुकलेला आकडाही वाचता येतो. कारण चूक झाली होती हेही दिसलं पाहिजे, असं तुम्ही म्हणालात.

घरीही हे असेच होते. हिशेबाची वही, मुलांशी बोलणं, भांडणसुद्धा. झालेलं झाकायचं नाही, त्यावर रेघ मारून पुढे जायचं. हा स्वभाव आहे असं मी समजत होते. तो त्यांच्या पेशाचा नियम होता आणि त्यांनी तो घरात आणला होता.

सगळ्यात जुनी वही आमच्या लग्नाआधीची निघाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा हे कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होते. वसतिगृहातून सगळे थंडीत मैदानावर पळाले, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. पावणेदोनशेच्या पुढे माणसं गेली. कोयनानगरची घरं पडली. एकशे तीन मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण त्याच्या वरच्या भागात, जिथे मागच्या अंगाचा उतार बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा गेल्या. आपल्याकडे एवढा भूकंप होत नाही असं मानणाऱ्या सगळ्यांना त्या पहाटेनं पुन्हा अभ्यासाला बसवलं. पुढे धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट करायचं काम चाललं, तिथे हे कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. त्या वहीत ओतकामाच्या तारखा आहेत, त्या दिवसाचं तापमान आहे, आणि काँक्रीटच्या घनांचे, म्हणजे दाबून पाहायच्या ठोकळ्यांचे, सात दिवसांचे आणि अठ्ठावीस दिवसांचे चाचणीचे आकडे. एका घनाचा आकडा कमी आलेला. त्यापुढे लागोपाठ काही पानं त्याच भागाच्या नोंदी: वाळू कुठली, पाणी किती, मिक्सरवर कोण होतं. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा एका घनामागे आठवडाभर हिंडत होता. मी त्याला अजून पाहिलेलंही नव्हतं. त्या रविवारी तुम्ही गेल्यावर मी ती वही माझ्या उशाशी ठेवली.

भूकंप तिथे अजूनही होतात, लहान-लहान. धरणाच्या पाण्यामुळे जमीन हलते का, याचा अभ्यास करायला जगभरचे लोक कोयनेला येत राहिले. निवृत्तीनंतरही ह्यांचं त्यावरचं वाचन थांबलं नाही. खोल विंधन घेतलं तेव्हा वरचा काळा पत्थर सुमारे एक किलोमीटर गेल्यावर संपतो आणि खाली ग्रॅनाइट लागतो, हे वाचून हे लहान मुलासारखे हरखले होते. ‘आपण कशावर उभे होतो ते आता कळलं,’ असं म्हणून दोन दिवस येईल त्याला सांगत होते.

मग कोळकेवाडी, कोयना वीजप्रकल्पाचा तिसरा टप्पा. त्यातली एक वही तुम्ही बाजूला काढून ठेवली होतीत आणि मला दाखवावी की नाही अशा विचारात होतात. १९७७ चा फेब्रुवारी. टेलरेसच्या, म्हणजे वीजघरातलं पाणी बाहेर नेणाऱ्या वाटेच्या, बाजूनं जाणाऱ्या रस्त्याच्या लेव्हल चालल्या होत्या. पान अर्ध्यावर तुटतं. शेऱ्याच्या रकान्यात ‘३.४० वाजता काम थांबविले’. पुढे काही नाही, तळाला वजाबाक्या नाहीत. ‘बेंचमार्कवरनं, म्हणजे ठाऊक उंचीच्या खुणेवरनं, निघायचं आणि फिरून बेंचमार्कलाच यायचं, तेव्हा लूप पुरी होते,’ तुम्ही सांगितलंत. ‘साहेबांनी अर्धवट सोडलेली लूप मला या ट्रंकेत ही एकच सापडली. तारीख बघा, वहिनी.’

तारीख आमच्या थोरलीच्या जन्माची होती.

ह्यांना त्या दिवशी निरोप गेला आणि हे दवाखान्यात आले, हे मला माहीत होतं. आल्यावर हातात टोपी धरून दाराशी उभे राहिले होते, काही बोलले नव्हते. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘मुलगी झाली म्हणून बोलत नाही की काय?’ तो एक शब्द इतकी वर्षं माझ्या मनात कुठेतरी रुतून होता. त्या पानावरचं अक्षर पाहिलं. ह्यांचं अक्षर छापल्यासारखं. त्या एका ओळीत ते उजवीकडे पळत सुटलंय. पुढच्या पानावर दोन दिवसांनंतरची तारीख आहे आणि काम पहिल्या बेंचमार्कपासून पुन्हा सुरू केलेलं आहे, अर्धं झालेलं न धरता. थोरलीला मी त्या पानाचा फोटो पाठवला. तिनं फोन केला आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

बाप म्हणून हे कसे होते ते वसाहतीतल्या मुलांना विचारावं. सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकाची बाटली काढायची आणि मोजपात्रात ओतून पाऊस वाचायचा, हे काम आमच्या घरी मुलांकडे होतं. शाळेचा गणवेश घालून, छत्री मानेत धरून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा सांगायचा. वरून बघून सांगितला तर हे नुसते थांबायचे, पुन्हा वाकेपर्यंत. घाटावर नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, त्या मानानं आपला किती, याची पैज लागायची. चिपळूणला राहायला आल्यावरही ती नोंद चालू होती. त्या वहीत २२ जुलै २०२१ च्या रकान्यात ह्यांनी पुढे कधीतरी लिहिलंय: ‘मापक वाहून गेले.’ पुरानंतर पुष्कळ जण घरी विचारायला यायचे, वीजनिर्मितीचं पाणी वाशिष्ठीत आलं म्हणून पूर वाढला का? साहेब तिथले, त्यांना माहीत असणार. हे प्रत्येकाला बसवायचे, नकाशा काढायचे, कोयनेचं पाणी घाटाखाली कसं येतं ते सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, तासातासाचा पाऊस आणि तासातासाचा विसर्ग शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मी बोलणार नाही, तुम्हीही आकडे मागा. स्वतःचं घर गाळानं भरलेलं असताना. काहींना राग आला. मला अभिमान वाटला.

चौथ्या टप्प्याच्या वहीसाठी तुम्ही दिनदर्शिकेच्या पाठीवर छेद काढून दाखवलात. अजून तो मी जपून ठेवलाय. वर शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, भरलेला, त्याच्या तळाखालून बोगदा पुढे नेलेला. तलाव रिकामा करायचा नाही, आणि बोगदा तलावाला जोडायचा. म्हणून शेवटचा काही मीटर खडक बूच म्हणून ठेवायचा, त्यात सुरुंगाची भोकं घ्यायची, उडालेला खडक पडायला खाली खड्डा करायचा, आणि सगळी तयारी झाली की एकदाच उडवायचा. तंत्र नॉर्वेचं. १३ मार्च १९९९ ला तो लेक टॅपिंगचा स्फोट झाला. चौथ्या टप्प्याचे एक हजार मेगावॉट धरून कोयनेची सगळी क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे. त्या दिवशी वसाहत सगळी कान देऊन होती. हे उशिरा घरी आले, पाय धुतले, म्हणाले ‘झालं’, आणि जेवायला बसले. आम्हालाही तेवढंच पुरलं होतं. वहीत मात्र त्याआधीच्या कित्येक महिन्यांचा खडक आहे: कुठे भेग, कुठे पाझर, कुठे भेगा बुजवायचं सिमेंटचं ग्राउट किती पोती गेलं. एका पाझरापुढे ‘वाढत नाही. पुन्हा पाहणे’ असं आहे, आणि पुढच्या पानांवर पुन्हा पाहिल्याच्या नोंदी आहेत, रात्रीच्या पाळीतल्यासुद्धा. हे रात्री का जातात म्हणून मी चिडत असे ते हेच दिवस.

आता जे लिहिते आहे, ते लिहू का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, खरं आहे तर लिहा.

भाऊ, तुमचं गाव शिवसागरात आहे. कोयनेसाठी शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे. कुणी जागच्या जागी डोंगरावर सरकलं. राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, तोवर तुमच्या गावावरून पाणी जाऊन दशक उलटलं होतं. तुम्ही लहान होतात. ज्या धरणानं गाव घेतलं त्याच्याच कचेरीत, धरणग्रस्त म्हणून, अनुरेखकाच्या स्टुलावर लागलात. सुरुवातीच्याच एका नकाशात जलाशयाची कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची सीमा, काढताना तुमची रेघ हलली, आणि तीच शीट हे तपासत होते. तुम्ही सांगितलंत, ‘साहेब रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, तुमचं घर कुठं होतं ते दाखवा. मी टोक ठेवलं. त्यांनी तिथली पातळी विचारली नाही, गाव कसं होतं ते विचारलं.’

घरी ह्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पुनर्वसित गावठाणांच्या नागरी सुविधांचं काम ह्यांच्याकडे आलं, तेव्हा इतरांना ते दुय्यम वाटायचं आणि हे त्यावर बोगद्याइतकाच वेळ घालायचे. नळाला पाणी कुठल्या उंचीपर्यंत चढतं, स्मशानशेडचा रस्ता पावसात टिकतो का, शाळेच्या खोलीला गळती आहे का. त्या वहीत लेव्हल आहेत, तशी माणसांची म्हणणी आहेत, पेन्सिलीनंच: ‘विहीर दिली, वाट नाही दिली.’ ‘जमीन कागदावर.’ कितीतरी म्हणण्यांपुढे शेरा कोरा आहे, कारण ती पुरी झाली नाहीत. ती वही वाचताना तुम्ही थांबला होतात. मी पाणी आणायला उठले. परत आले तर तुम्ही पुढचं पान लावून बसला होतात, आणि म्हणालात, ‘साहेबांनी लिहून तरी ठेवलं.’

हे थोर होते असं मी म्हणणार नाही, त्यांना ते चाललं नसतं. प्रकल्पात ह्यांच्यासारखे शेकडो अभियंते होते, हजारो मजूर होते, बोगद्यात गेलेले जीव होते. हे त्यातले एक. पण माझे ते एकच होते. आणि माणूस गेल्यावर बायकोच्या वाट्याला त्याचे कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पेन्शनचे कागद येतात, तेवढ्यावर मला राहावं लागलं नाही. मला त्यांचं काम मिळालं. सत्तरी ओलांडल्यावर मी नवऱ्याच्या नव्यानं प्रेमात पडले, असं मुलगा चेष्टेनं म्हणतो. ते खरंच आहे.

आता कामाचं. थोरलीनं वह्या स्कॅन केल्यात, तुमच्यासाठी एक संच छापून ठेवलाय. कोळकेवाडीच्या नकाशाची ती जुनी अमोनिया प्रिंट, जिच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘अनुरेखित’पुढे तुमची आणि ‘तपासले’पुढे ह्यांची सही आहे, ती मूळ प्रत तुम्हीच ठेवायची, यावर वाद नको. नागरी सुविधांच्या वहीची एक प्रत तुमच्या गावठाणातल्या मंडळींना द्यावी असं मला वाटतं. कोरे शेरे अजून कुणाच्या उपयोगी पडत असतील तर पडोत. ती कुणाकडे द्यायची ते तुम्ही ठरवा.

दोन वह्या अजून वाचायच्या राहिल्या आहेत. त्यात ह्यांच्या स्वतःच्या खुणा आहेत, त्या तुमच्याशिवाय कुणाला लागणार नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करून घ्या, डोळ्यांना ताण देऊन यायचं नाही. आणि येताना वहिनींनाही आणा. इतके रविवार त्यांनी तुम्हाला इकडे धाडलं, त्यांचे आभार मी त्यांच्यासमोर मानणार आहे, आणि त्या तुमच्यासारख्या चपला शोधणार नाहीत.

तुमची,
वहिनी